हल्लेखोराचं ओळखपत्र

वादळ आलं, आग लागली, चाच्यांनी लुटलं, तर जहाजाला विमा आहे. व्हायरसने गाठलं, की विमा कंपनीचा वकील चष्मा पुसायला घेतो. २००३ सालचं ‘सीएल ३८०’ नावाचं कलम अनेक सागरी पॉलिसींना चिकटलेलं असतं: अपाय करण्यासाठी कुणी संगणक वापरला, तर भरपाई नाही. आता प्रेमापोटी व्हायरस कोण सोडतो?

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सुटला युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आणि आडवी झाली डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क. आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. क्रेन धडधाकट, पण कुठला डबा कुणाचा, हे सांगणारा पडदा काळा. मर्स्कने २५ ते ३० कोटी डॉलरच्या फटक्याचा अंदाज दिला. तिच्या नेटवर्कचा कणा असलेल्या सर्व्हरची एकच प्रत वाचली, घानात. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! (महावितरणने याची जाहिरात करायला हरकत नाही.)

त्याच तडाख्यात सापडलेल्या मर्क या औषध कंपनीला विमेकरी म्हणाले, हे तर युद्ध, आणि युद्धाला भरपाई नाही! न्यू जर्सीच्या न्यायालयांनी ते मानलं नाही. दरम्यान लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने सरकारपुरस्कृत हल्ले वगळणारं कलम २०२३ पासून सायबर पॉलिसींत सक्तीचं केलं. हल्लेखोराने येताना आपल्या सरकारचं ओळखपत्र गळ्यात अडकवावं, एवढंच त्यात लिहायचं राहून गेलं.