कमीत कमी

संविधानाची ताजी प्रत उघडा आणि अनुच्छेद ३३० संपतो तिथं बोट ठेवा. त्याच्या खाली ३३०क आहे. लोकसभेत बायकांसाठी जागा राखणारा, २०२३ मध्ये आलेला. किती जागा? नुसतं ‘एक तृतीयांश’ असं तिथं लिहिलेलं नाही. सोबत एक शेपूट जोडलंय: शक्य होईल तितपत, एक तृतीयांशाच्या जवळ. हे शेपूट २०२३ चं नाही. ते १९९६ च्या डिसेंबरात तयार झालं, आणि ज्या समितीनं ते तयार केलं तिच्या अध्यक्ष होत्या गीता मुखर्जी.

हे नाव आपल्याकडे किती जणांना आठवतं? राजकारणात मुरलेल्या, जुन्या निवडणुकांचे आकडे तोंडपाठ असलेल्या ओळखीच्या माणसांना विचारून पाहिलं. महिला आरक्षण म्हटल्यावर कुणी एका पंतप्रधानाचं नाव घेतो, कुणी दुसऱ्याचं. बाईचं नाव कुणाच्याच तोंडी येत नाही. मला याचा राग येतो.

पश्चिम बंगालमधल्या पांसकुऱ्यातून त्या १९८० पासून ओळीनं सात वेळा लोकसभेवर निवडून आल्या. पक्ष भाकप. त्याआधी बंगालच्या विधानसभेत होत्या. मुलांसाठी पुस्तकंही लिहिली. लोकसभेतल्या त्यांच्या भाषणांवर लिहिता येईल, पण भाषणं हवेत विरतात. मला त्यांचं बैठकीतलं काम मोठं वाटतं, कारण ते कागदावर उरलं.

देवेगौडा सरकारनं १२ सप्टेंबर १९९६ ला ८१ व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं आणि ते संयुक्त समितीकडे गेलं. आपल्याकडे समितीकडे पाठवणं म्हणजे बऱ्याचदा बासनात गुंडाळणं. त्यातून ही समिती ३१ जणांची. शरद पवार, सुषमा स्वराज, ममता बॅनर्जी, उमा भारती, नीतीश कुमार, आणि चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या सुमित्रा महाजन. एका खोलीत एवढी माणसं बसवून चहा कोणता सांगायचा यावरही एकमत व्हायचं नाही. तिथं गीताबाईंनी ९ डिसेंबरला अहवाल सभागृहापुढे ठेवला. विधेयक मांडल्यापासून ८८ दिवसांत. नीतीश कुमारांनी भिन्नमतपत्रिका जोडली, ओबीसी बायकांचं काय, असं विचारलं. तीही अहवालासोबत गेली.

८८ दिवस. आणि पुढं? पुढं २७ वर्षं. जुलै १९९८ मध्ये तर कायदामंत्री थंबीदुराई विधेयक मांडायला उठले, तेव्हा राजदच्या एका खासदारानं त्यांच्या हातातले कागद हिसकावले आणि अध्यक्ष बालयोगींच्या समोर फाडले. गीताबाई तेव्हा खासदार होत्या. ४ मार्च २००० ला त्या गेल्या. राज्यसभेनं २००८ चं नवं विधेयक मंजूर केलं ९ मार्च २०१० ला, १८६ विरुद्ध १ मतांनी. लोकसभेत ते आलंच नाही. घोंगडं भिजत राहिलं ते थेट सप्टेंबर २०२३ पर्यंत.

आता त्या शेपटाकडे येऊ. मूळ विधेयकात शब्द होते ‘एक तृतीयांशापेक्षा कमी नाही’. म्हणजे कमीत कमी. समितीला ते मोघम वाटले. कमीत कमी म्हणजे नक्की किती? ज्यानं त्यानं आपल्याला हवा तसा अर्थ लावायचा, मग खटले, मग स्थगिती. त्याऐवजी ‘शक्य होईल तितपत’ घाला, अनुसूचित जाती-जमातींच्या जागांसाठी संविधानात हेच शब्द आधीपासून आहेत. ही सूचना २००८ च्या विधेयकानं घेतली, आणि २०२३ च्या कायद्यातही ती आहे.

फरक केवढा पडतो? गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार. त्यांचे तीन भाग केले की १३ पूर्णांक एक तृतीयांश. ‘कमी नाही’ म्हटलं तर १४ बायका. ‘जवळ’ म्हटलं तर १३. गोव्यात २०२२ साली निवडून आल्या ३. तिथं एकेक जागा मोलाची आहे.

पण खरी मेख एका जागेची नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना जागा दिल्या तेव्हा अनुच्छेद २४३घ मध्ये शब्द ठेवले ‘एक तृतीयांशापेक्षा कमी नाही’. त्या ‘कमी नाही’नं राज्यांना वर जायची मुभा राहिली. २००६ मध्ये बिहार ५० टक्क्यांवर गेला, २०११ मध्ये महाराष्ट्र. आज गावागावांत सरपंचाच्या खुर्चीत बाई दिसते, त्याच्या मुळाशी हे तीन-चार साधे शब्द आहेत. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात ते नाहीत. तिथं एक तृतीयांश हा तळ नाही, छत आहे. उद्या एखाद्या राज्याला वाटलं की आमच्या विधानसभेत निम्म्या जागा बायकांना राखू, तर या शब्दांखाली ते बसायचं नाही.

म्हणून गीताबाईंशी माझं भांडण आहे. आदरानं, पण भांडण. खटल्यांतून विधेयक वाचवायला त्यांनी शब्द घट्ट केले आणि वरचं दार बंद झालं. त्यांची अडचणही मला कळते. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन तृतीयांश हात वर लागतात. पन्नासची गोष्ट काढली असती तर तेहेतीसही हातचे गेले असते.

त्यांच्या समितीनं सोडलेलं फार थोडं. तीनपेक्षा कमी खासदार असलेली राज्यं विधेयकाबाहेर राहिली होती. दोन खासदारांचा गोवाही त्यात आला. समितीनं म्हटलं, त्यांनाही आत घ्या. दिल्लीची विधानसभा घ्या. मुदत १५ वर्षांची ठेवा. पुढच्या दोन सूचना मात्र २००८ च्या विधेयकातही आल्या नाहीत आणि २०२३ च्या कायद्यातही नाहीत. पहिली, राज्यसभा आणि विधान परिषदांतही बायकांना जागा राखा. दुसरी, ओबीसींना आरक्षण मिळेल तेव्हा ओबीसी बायकांना त्यात वाटा द्या. २०२३ च्या चर्चेत हाच ओबीसींचा प्रश्न पुन्हा नव्यानं विचारला गेला. नव्यानं कसला! १९९६ च्या अहवालात तो छापलेला होता.

आणि जे १९९६ च्या मसुद्यात नव्हतं ते २०२३ मध्ये आलं: खोडा. आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. गीताबाईंच्या कागदात ही अट नव्हती. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालेला कायदा २०२४ च्या निवडणुकीला उपयोगी पडला नाही. ५४३ जणांत ७४ बायका आल्या. महाराष्ट्राच्या ४८ मध्ये ७. त्याच वर्षी आपल्या विधानसभेत २८८ पैकी २१, जिथं कायद्याच्या हिशेबानं ९६ हव्या होत्या. जनगणनेची संदर्भ तारीख ठरली ती १ मार्च २०२७. त्यानंतर पुनर्रचना.

ही वाट पाहायला लावणाऱ्यांना मी एकच सांगेन. पुनर्रचनेची चर्चा सभागृहात येईलच. त्या दिवशी कुणी तरी खासदार उठावी, कोणत्याही पक्षाची चालेल, आणि ३३०क वर एक छोटी दुरुस्ती सुचवावी: ‘शक्य होईल तितपत’ गाळा, ‘कमीत कमी’ लिहा. कारण सांगताना पंचायतीचा २४३घ वाचून दाखवावा. मग १९९६ च्या अहवालातली राज्यसभेची शिफारसही टेबलावर ठेवावी, आणि ती कुणाच्या समितीची आहे ते नाव घेऊन सांगावं.