सिनेमॅटिक चकलांबा

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचा उन्हाळा मुळातच नारंगी. तरी लग्नाआधीच्या फोटोंना ‘सिनेमॅटिक लूक’ हवाच! मग लाइटरूम या फोटो-एडिटिंग ॲपमध्ये तयार प्रीसेट लावला की आभाळ हिरवट निळं होतं, कपाशीची काळी जमीन चॉकलेटी होते आणि नवरदेव गाजरासारखा दिसू लागतो. 1953 मध्ये सिनेमास्कोप आला तो घरातल्या टीव्हीपुढून लोकांना उठवून रुंद पडद्यापुढे बसवायला. इथे त्या रुंद चित्राच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या उभ्या मोबाईलवर, तेही फेटा अर्धा कापून. शेवटी फोटोवर दाणे (ग्रेन) पेरायचे. रिळावरचे दाणे बारीक करण्यात कोडॅकची दशकं गेली, आपण ते विकत आणतो. फोटोग्राफरभाऊ, सावल्या जरा उजळा, नवरी ओळखू येऊ द्या. आहेर तिला करायचाय, प्रीसेटला नाही.