तीनशे चौऱ्याऐंशी समाधानी माणसं

विषय ठरलेला नसतो. गाईड मिळालेला नसतो. पण नमुना किती घ्यायचा, ते मात्र पक्कं असतं: 384. एम.एड.चा लघुप्रबंध असो, एम.बी.ए.चं प्रोजेक्ट असो की ‘गुणवत्ता’ हा शब्द शीर्षकात कोंबलेलं आणखी काही, तिसरं प्रकरण उघडावं तर तिथे 384 माणसं हजर. विषयांच्या याद्या दरवर्षी बदलतात, माणसं तीच.

ही माणसं 1970 साली छापून आलेल्या एका तक्त्यातून आली. एकूण माणसं 100 असतील तर 80 जणांना विचारा, 1,000 असतील तर 278 जणांना, 10,000 असतील तर 370 जणांना आणि 10 लाख असतील तर 384 जणांना. पुढे आकडा हलायचं नाव घेत नाही. गणित चोख आहे, त्याला नावं ठेवायची सोय नाही. 95 टक्के खात्री हवी आणि पाच टक्के इकडेतिकडे झालेलं चालणार असेल, तर 1.96 चा वर्ग करायचा, त्याला 0.25 ने गुणायचं आणि 0.05 च्या वर्गाने भागायचं. उत्तर 384.16. आता विद्यार्थ्याला यातलं नेमकं काय आवडतं? तर भोर तालुक्यातल्या मुलांचा अभ्यास करा की भारतातल्या सगळ्या मुलांचा, पायपीट तेवढीच. म्हणून शीर्षक देशव्यापी असतं आणि माणसं हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरची.

त्या 0.16 माणसाचं काय होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. काटेकोरपणे बघितलं तर अपूर्णांक वरच्या आकड्यात न्यायला हवा, म्हणजे 385. काही गाईड तो न्यायला लावतात आणि त्या एका जादा माणसावर त्यांचा विभागभर दरारा असतो. ‘मॅडमकडे 385 लागतात,’ असं पुढची बॅच कुजबुजते आणि दुसरा गाईड शोधते. बाकीचे 384 वर थांबतात आणि तो सोळा शतांश माणूस दाराबाहेर राहतो. सगळ्यांत प्रश्न वाचून उत्तर देणारा कदाचित तोच असावा.

गणिताची अट एकच होती, माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली हवीत. प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक पडते, खाली ‘प्लीज सगळ्यांनी भरा, उद्या सबमिशन आहे’ आणि जोडलेले हात. पहिल्या तासात जिवाभावाची चाळीस माणसं भरतात. मग मावसभाऊ. मग नाशिकचा मामा, जो 1994 साली बी.कॉम. होऊन गेला तो आज ‘ग्रामीण भागातील पदव्युत्तर विद्यार्थी’ म्हणून पुन्हा प्रवेश घेतो. तरी आकडा दोनशे अकराच्या पुढे जात नाही. उरलेले फॉर्म संशोधक स्वतःच बसून भरतो. एकदा ‘सहमत’, एकदा ‘पूर्णतः सहमत’ आणि शंका येऊ नये म्हणून मधेच एखादं ‘तटस्थ’. प्रबंधात या उद्योगाला ‘यादृच्छिक नमुना पद्धती’ म्हणतात.

आता ही माणसं कशाला सहमत असतात? गुणवत्तेला. सेवेची गुणवत्ता मोजायची 22 विधानांची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे. 1988 साली ती अमेरिकेत बँका, क्रेडिट कार्डं, दुरुस्तीची दुकानं आणि लांब पल्ल्याचे टेलिफोन यांच्या गिऱ्हाइकांवर पारखून घेतली होती. प्रत्येक विधान दोनदा विचारायचं, आधी तुमची अपेक्षा काय होती आणि मग मिळालं काय. म्हणजे एका माणसाच्या 44 खुणा आणि 384 माणसांच्या 16,896. ‘कर्मचारी नीटनेटक्या पोशाखात असतात’ असं त्यात एक विधान आहे. ट्रंककॉलच्या गिऱ्हाइकाला विचारलेलं हे विधान आज शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याच्या प्राध्यापकांबद्दल विचारलं जातं. तो बिचारा सरांचा पोशाख डोळ्यांसमोर आणतो, इंटर्नलचे गुण आठवतो आणि ‘पूर्णतः सहमत’वर खूण करतो.

यापुढची पायरी विश्वसनीयतेची. प्रश्नावली विश्वसनीय आहे की नाही, हे अल्फा नावाचा गुणांक सांगतो. तो 0.70 च्या वर गेला की गाईड सही करतात. अल्फाची एक खोड अशी की एकमेकांना धरून असलेली विधानं वाढवत नेली की तोही वाढत जातो. ही खोड संख्याशास्त्रज्ञांना ठाऊक होतीच. परीक्षेला बसणाऱ्या पोराच्या हाती लागली आणि तिचं सोनं झालं. त्यामुळे ‘ग्रंथालय चांगले आहे’ यानंतर ‘ग्रंथालय समाधानकारक आहे’ येतं, मग ‘मी ग्रंथालयाबाबत समाधानी आहे’, मग ‘ग्रंथालयाबाबत माझे मत चांगले आहे’ आणि नवव्या विधानाला ‘ग्रंथालयाच्या चांगलेपणाविषयी मला समाधान वाटते’. माणूस एकच उत्तर नऊ वेळा देतो आणि अल्फा 0.91 येतो. पान भरून टाळ्या. ग्रंथालय दुपारी दोन ते चार बंद का असतं, नवीन पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, पंखा कधीपासून बंद आहे, हे विचारायची सोय नाही. पंख्याला पाच पर्याय देता येत नाहीत. तो फिरतो किंवा फिरत नाही. त्यावर ‘तटस्थ’ राहता येत नाही, आणि ज्यावर तटस्थ राहता येत नाही ती गोष्ट या संशोधनाच्या मापनीत बसत नाही.

व्यवस्थापनाच्या बाजूला वेगळी गंमत. तिकडे विषय असतो ‘सिक्स सिग्मा आणि कर्मचाऱ्यांचे समाधान’. सिक्स सिग्माचं मापच मुळी असं की दहा लाख संधींत 3.4 दोष. तो दोष 384 माणसांत शोधायचा म्हटलं तर हिशेबाने 0.0013 दोष सापडेल. तो सापडायची भीती नसल्यामुळेच कंपनी परवानगी देत असावी. तीही गेटपर्यंतच. एम.आय.डी.सी.तल्या गेटवरचा वॉचमन विद्यार्थ्याच्या हातातून फॉर्मांचा गठ्ठा घेतो, आठवड्याने तो भरून परत येतो. सगळे फॉर्म एकाच निळ्या पेनाने भरलेले, सगळे कामगार खूश, आणि वर एच.आर.चा शिक्का मारलेलं सर्टिफिकेट. शॉपफ्लोअर बघायला मिळाला नाही, पण कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीचा रंगीत फोटो इंटरनेटवर मिळाला. तो पान 47 वर.

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण या सोळा हजार खुणा घालायला जी पोरं रात्रभर जागतात, त्यांतली निम्मीशिम्मी स्वतःच कुठल्या तरी न विचारलेल्या प्रश्नातून आलेली असतात. मराठवाड्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलीला पक्कं ठाऊक असतं की दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर तिच्या वर्गातली मुलं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायची, उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची आणि हजेरीपटावर त्यांचं नाव मधल्या काळातही असायचं. त्या मधल्या काळात शिकण्याचं काय होतं, हा विषय तिच्या घरातच पडलेला आहे. चार इयत्ता एका खोलीत घेऊन बसलेला आणि दर तासाला मोबाइलवर ‘माहिती तातडीने भरा’चे निरोप झेलणारा मास्तर तिचा सख्खा काका आहे. त्याच्याबरोबर पंधरा दिवस बसून तो शिकवतो किती वेळ आणि फॉर्म भरतो किती वेळ, एवढंच घड्याळ लावून लिहिलं तरी त्यातून शिकण्यासारखं निघेल. तिने हे सिनॉप्सिसमध्ये लिहिलं, तर पहिला प्रश्न येतो, ‘यात स्वतंत्र चल कोणता?’ दुसरा येतो, ‘एकच शाळा? नमुना फार लहान आहे.’ आणि तिसरा, जरा खालच्या आवाजात, ‘कशाला नसत्या भानगडीत पडतेस?’ मग ती ‘शिक्षकांची कार्यसमाधानता’ घेते. काका फॉर्म भरतो. काका समाधानी निघतो.

गुणवत्ता-नियंत्रणाचं ज्ञान जिथून सुरू झालं, तो नियंत्रण-तक्ता 1924 साली टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत एकाने साहेबाला दिलेल्या जेमतेम पानभर टिपणात होता. त्यातही बरीचशी जागा आकृतीने खाल्लेली. आज त्याच गुणवत्तेवर 180 पानं लागतात, डावीकडे दीड इंच समास लागतो, काळं रेक्झिन आणि वर सोनेरी अक्षरं लागतात. समास सव्वा इंच निघाला तर चारही प्रती परत. आतली माणसं खोटी आहेत म्हणून प्रत परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. ऋणनिर्देशात आईवडील, गाईड, ग्रंथपाल आणि टायपिंग करणारे दादा असतात. नाशिकचा मामा नसतो.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. प्रबंध उलटा उघडतात, संदर्भसूचीतले स्वल्पविराम बघतात आणि पाय-चार्टमधला हिरवा रंग छपाईत पोपटी का आला, ते विचारतात. शून्य परिकल्पना फेटाळली गेलेली असते. ‘सकारात्मक परिणाम दिसून येतो’ हे ठळक अक्षरात असतं. मग जेवण.

राहिला प्रश्न पुढच्या बॅचला विषय कुठून मिळणार याचा. त्याची सोय पाचव्या प्रकरणाच्या शेवटी, ‘पुढील संशोधनासाठी शिफारशी’ या मथळ्याखाली केलेली असते. हाच अभ्यास शहरी भागात करता येईल. हाच अभ्यास मुलींवर करता येईल. हाच अभ्यास शेजारच्या तालुक्यात करता येईल. महाराष्ट्रात जिल्हे 36 आणि तालुके साडेतीनशेच्या वर, म्हणजे एकाच शीर्षकावर कित्येक बॅचेस निघतील. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या वर्षीची फाइल संगणकात उघडीच असते. दादा मान वर न करता विचारतात, ‘तालुका कोणता टाकू?’ पोरगा म्हणतो, ‘राजगड.’ दादा म्हणतात, ‘तो मंगळवारीच एक जण घेऊन गेला, तू मुळशी घे.’