येनं नाक बंद शे

विस्तव कसा करायचा हे खानदेशी माणसाला कुणी शिकवू नये, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. त्यामुळे पुण्याचा पुतण्या शहादा तालुक्यातल्या आमच्या मळ्यावर सिरॅमिकची कोळशाची शेगडी घेऊन आला, तेव्हा तिचं स्वागत थंडच झालं. पुढे शेगडीनेही तोच सूर धरला.

अंडाकृती, जाड भिंतींचा, 70-75 किलोंचा तो ऐवज टेम्पोतून उतरवताना सालदाराने पुतण्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. खाली हवेचं सरकतं दार, झाकणाच्या टाळूवर झडप, झाकणाच्या कपाळावर काट्याचा तापमापक. पुतण्याने तिची वंशावळही सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या मातीच्या भातचुली घरी नेल्या. 1974 साली एड फिशर नावाच्या गृहस्थांनी अटलांटात अशा चुलींचं दुकान काढलं. पुढे मातीच्या जागी सिरॅमिक आलं आणि चूल चैनीची वस्तू झाली. "म्हणजे मातीची चूलच ना?" एवढं विचारून आमचे थोरले दादा वांगी निवडायला गेले.

मुहूर्त दत्तजयंतीचा होता. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरलेली. दर्शन आणि घोडेबाजार उरकून पाहुणे मळ्यावर भरीत खायला येणार होते. आमच्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात. पऱ्हाट्या रचायच्या, वांगी आत टाकायची, जाळ उठला की सगळ्यांनी एकदम सल्ले द्यायचे. या पद्धतीत उष्णतेवर नियंत्रण राहत नाही, असं पुतण्या म्हणाला. खरंच राहत नाही. पण आजवर ते कुणी मागितलंही नव्हतं.

त्याने कोळसे पेटवले, निखारे फुलले, त्याने झाकण लावलं. काटा 120 अंशांपर्यंत चढला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. पुतण्याला हवे होते 250. एकशेवीसवर वांगं भाजत नाही, नुसतं विचारात पडतं.

मग समिती बसली. दादांचं निदान सोपं होतं: कोळसे कमी आहेत. आमच्या भागात कुठलाही विस्तव मंदावला की आधी जळण वाढवतात, कारण जळण दिसतं आणि हवा दिसत नाही. पोतं उपडं झालं, तळाची चुरीसुद्धा आत गेली. काटा 105 वर आला. चुलतभावाचं म्हणणं, कोळसा सर्दावलाय. हे निम्मं खरं होतं. पोतं पावसाळाभर गोठ्यात पडून होतं, कोळसा हवेतला ओलावा पितो आणि जळताना आधी तो उडवण्यात आपली ताकद घालवतो. बाजारातून आलेल्या एका पाहुण्याने शेगडीला प्रदक्षिणा घातली. घोड्याचं वय दात बघून सांगणारा माणूस. इथे दात नसल्याने गप्प राहिला. त्या दिवसातलं हेच सर्वांत जबाबदार मत.

मेहुण्यांनी थेट तापमापकावर संशय घेतला. तो काढून उकळत्या पाण्यात धरला, तर काटा शंभराला टेकला. म्हणजे तो प्रामाणिक होता. (हाच प्रयोग तोरणमाळला करू नये. अकराशे मीटरहून उंच ठिकाणी पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं आणि निर्दोष तापमापक हकनाक बदनाम होतो.)

यात एक गंमत सगळ्यांनी पाहिली, पण मनावर कुणी घेतली नाही. झाकण उघडं असलं की निखारे लालबुंद, लावलं की मलूल. पुतण्याने यावरून झाकण सदोष ठरवलं. खरं तर उघड्या शेगडीला वरून वाटेल तेवढी हवा मिळते. झाकण लावलं की तिची सगळी भिस्त खालच्या दारावर. गरम हवा वरच्या झडपेतून बाहेर पडते आणि तिच्या ओढीने ताजी हवा खालून आत शिरते. खालची वाट अडली की वरची झडप कितीही उघडा, उपयोग शून्य. मेहुण्यांनी याचा पुरावा स्वतःच्या अंगावर घेतला. हवेसाठी तळमळणाऱ्या शेगडीचं झाकण त्यांनी एका झटक्यात उघडलं, आत कोंडलेल्या वायूंना हवा मिळाली, भप्पकन जाळ बाहेर आला आणि डावी मिशी उजवीपेक्षा आखूड झाली. जाणकार आधी झाकण बोटभर उचलून थांबतात, मग उघडतात. जाणकार त्या वेळी भाकरी थापत होते.

शेजारच्या मळ्यातल्या मावशी. आखाजीला, लग्नकार्याला खापरावरचे मांडे करायला त्यांना आवर्जून बोलावणं असतं. उपड्या खापरावर हातभर मांडा टाकायचा आणि खालचं लाकूड वीतभर मागे ओढून आच उतरवायची, यात त्यांचा जन्म गेलेला. त्या हात पुसत आल्या आणि त्यांनी देवघरातली उदबत्ती मागितली. ती पेटवून त्या खालच्या दारासमोर बसल्या. शेगडीची पूजा चाललीय असं समजून दादांनी डोक्यावर टोपी ठेवली. उदबत्तीचा धूर मात्र दाराकडे ढुंकूनही न बघता सरळ वर गेला.

"येनं नाक बंद शे," मावशी म्हणाल्या.

निखारे चिमट्याने घमेल्यात काढले. तळाशी पुण्याच्या गच्चीवरच्या जुन्या पार्ट्यांची राख घट्ट बसलेली. जाळीची भोकं दादांच्या चुरीने लिंपलेली. आणि टेम्पोच्या हादऱ्यांनी आतलं भांडं फिरलेलं. बाहेरचं दार पूर्वेला, आतलं भोक ईशान्येला. राख काढली, भोकं तारेने मोकळी केली, भांडं फिरवून दारासमोर भोक आणलं. कोळसे पुन्हा रचले: मोठे खाली, बारके वर, चुरी उकिरड्यावर. पुतण्याने हे सगळं माहितीपुस्तकात असल्याचं सांगितलं. पुस्तक पुण्याला होतं.

या वेळी उदबत्तीचा धूर वाकडा होऊन दारात शिरला. काटा दीडशे, दोनशे करत तीनशेच्या पुढे गेला. तोवर पऱ्हाट्यांवर वांगी भाजून, बडगीत ठेचून, कळण्याच्या भाकरीबरोबर पाहुण्यांच्या पोटात गेली होती. पुतण्याने दोन्ही झडपा बंद केल्या, पण त्या जाड भिंती तापायला जेवढा वेळ घेतात त्याहून अधिक निवायला घेतात. धगधगती शेगडी समोर आणि भाजायला काही नाही, ही अवस्था दादांना बघवेना. नंदुरबारच्या मिरची पथारीवरून आणलेल्या लाल मिरच्या ओसरीत होत्या. त्यांनी ओंजळभर आत टाकल्या, झाकण लावलं आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या.

वरच्या झडपेतून धूर निघाला. पाहुणे उठले, सालदार बैल घेऊन पळाला, मेहुण्यांनी उरलेली मिशी रुमालात झाकली, आणि पलीकडच्या मळ्यातूनही खोकल्याचे आवाज येऊ लागले. मावशींनी पदर नाकाला लावला, एक शिंक दिली आणि म्हणाल्या, "आते ओढ बरी शे."