गाडी कुणाची, ओटीपी कुणाचा!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रम या गावात सेकंडहॅन्ड मोटारसायकलचा व्यवहार एका कटिंगमध्ये उरकतो. किंमत ठरते, नोटा मोजल्या जातात, विकणारा २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या ठोकतो आणि किल्ली देतो. घेणारा फॉर्म सीटखाली कोंबतो. वर्ष-दोन वर्षांत तोही गाडी फुंकतो, तेव्हा किल्लीबरोबर फॉर्मही जातात. अशी एखादी एमएच २८ नंबरची गाडी तीन घरं फिरते. सरकारदरबारी ती अजून पहिल्याच मालकाच्या अंगणात असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५० म्हणतं, विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवावं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत गाडी नावावर करावी. आमच्याकडे मुदत एकच: सोयाबीन विकल्यावर पाहू.

आता तर गाडी नावावर करणं ऑनलाइन, सगळं घरबसल्या. म्हणून तिसरा मालक सेवा केंद्रात गेला.

"काका, ओटीपी सांगा."

"मले कुठून येईन? नंबर त पयल्या मालकाचा असन."

पहिला मालक चाकणला कंपनीत. फोन लावला, त्यालाही ओटीपी नाही. मग उलगडा झाला: गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या पोरानं घाईत स्वतःचाच नंबर टाकला होता. ते पोरगं आता कुठं असतं, ते शोरूमलाही माहीत नाही. म्हणजे ट्रिपल सीट जाणार काका, पावती फाटणार चाकणवाल्याच्या नावावर आणि मेसेज वाचणार भलताच कुणीतरी.

त्यातून चाकणवाल्याच्या आरसी बुकात वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं आद्याक्षर. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

एरवी गावाला शिस्त ठाऊक आहे. विवेकानंद जन्मोत्सवात याच गावात लाखो माणसं पंगतीला बसतात. पुऱ्या आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टर भरभरून येते, शेवटच्या पानापर्यंत पोचते. शुकदास महाराजांनी स्थापलेल्या इथल्या विवेकानंद आश्रमानं लावलेली ही शिस्त आहे. सुदैवानं पुरीला ओटीपी लागत नाही.

हसण्यावारी नेऊ नका. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदवहीत ज्याचं नाव, तोच मालक. तिथंही गाडी हातोहात फिरली होती, अपघात झाला तेव्हा भलत्याच्याच ताब्यात होती. भरपाईची जबाबदारी आली नोंदीतल्या मालकावर. चाकणवाल्यानं हे वाचलं असतं तर गाडी विकण्याऐवजी जाळली असती.

तर ओटीपीवाचून अडलेल्यांसाठी जुनी वाट आहेच. फॉर्म भरायचे, सह्या करायच्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी जोडायचं आणि चिखलीमार्गे बुलढाण्याचं आरटीओ गाठायचं. तिथं एजंट भेटतोच. आता त्याच्याकडे लॅपटॉप आहे. तो ज्याच्याखाली बसतो ते झाड मात्र जुनंच.