ट्रॉलीचोरा, तुझ्या वाटा आम्ही बंद करतोय

ट्रॉलीचोरास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुला तो लिहीत नाही. नमस्कार घरच्याला, पाहुण्याला आणि कष्टकऱ्याला घालायचा असतो, आणि तू यातला कुणीच नाहीस. पत्र उघडं लिहितोय, कारण तुझा पत्ता अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते तुझ्याबरोबर तुझ्या गिऱ्हाइकाच्याही कानावर जायला हवं.

कृष्णाकाठच्या आमच्या वस्तीवरून, रस्त्याकडेच्या लिंबाखालून तू माझी उसाची ट्रॉली नेलीस. गाळप नुकतंच सुरू झालं होतं. कारखान्याशी वाहतुकीचा करार झाला होता, ट्रॉलीला ग्रीस भरून झालं होतं, दोन्ही टायर नवे होते आणि हिरव्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत ‘आईसाहेब’ असं पेंटरकडून लिहून घेतलं होतं. ऊसतोडीची टोळी यायची तेवढी बाकी होती. टोळीच्या आधी तू आलास.

सकाळी जागेवर जे सापडलं ते पंचनाम्यात आहेच, पण तुलाही सांगतो. साखळीची तोडलेली एक कडी. दांडीखालचा लाकडी ठोकळा, आडवा पडलेला. चाकांना लावलेले दोन दगड, नीट बाजूला सरकवलेले. टायरच्या खुणा डांबरीपर्यंत आल्या आणि तिथेच संपल्या. ते दोन दगड बघून मला कळलं की तू नवखा नाहीस. काळोखात ट्रॅक्टर मागे घेऊन हूक आणि दांडीची रिंग एका रेषेत आणणं, दुसऱ्याने दांडी धरणं, पिन बसवणं, हे शहरातल्या भुरट्याचं काम नव्हे. तू ट्रॅक्टरवर बसलेला माणूस आहेस. कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरचं अन्न खाऊन हे शिकला आहेस. ट्रॉली गेल्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त झोंबते.

चोरांच्या हुशारीच्या गप्पा पारावर फार रंगतात. तुझ्या वाट्याला ते कौतुक मी येऊ देणार नाही. मोटारसायकल न्यायची तर हँडलचं लॉक तोडावं लागतं. बैल न्यायचा तर तो परक्या हाताला बुजतो, हंबरतो, वस्ती जागी करतो. ट्रॉलीला इंजिन नाही, किल्ली नाही, हॉर्न नाही. ज्याचा हूक, त्याच्या मागे ती जाते. तू वस्तीवरची सगळ्यात मुकी वस्तू निवडलीस आणि तीही कुणी समोर नसताना. यात मर्दुमकी कसली? एवढीच हिंमत असेल तर भर दुपारी ये आणि मालकाच्या डोळ्यांदेखत पिन घालून दाखव.

वेळही तू बरोबर साधलीस. हंगामात आमच्या भागात रात्रभर ट्रॅक्टर चालतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, मोठ्याने लावलेली गाणी, कारखान्याच्या काट्यावर नंबर लावायची घाई. पहाटे दोनला ट्रॅक्टरमागे ट्रॉली चाललेली दिसली तर कुणी मान वर करूनही बघत नाही. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची असली की माणसं पाणी पाजायला शेतात असतात, पण आवाज ऐकून त्यांना वाटतं, गेला कुणाचा तरी ऊस. हंगाम जागता ठेवणाऱ्यांच्या कष्टाच्या आवाजाआड तू लपलास.

तुझ्या लेखी ट्रॉली म्हणजे लाख-दोन लाखांचं लोखंड आणि टायर. आता तिच्यामागचा हिशेब ऐक. ऊसवाहतूकदाराला कारखान्याकडून उचल मिळते. ती तो मुकादमाला देतो आणि मुकादम कोयत्याप्रमाणे वाटतो. कोयता म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी. बीडकडच्या एखाद्या गावात ती उचल आधीच खर्च झालेली असते, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या लग्नात, कुणाच्या घरावरच्या पत्र्यात. ती माणसं दिवाळीनंतर पोराबाळांसकट, भांडी, कोंबड्या आणि शेळ्या घेऊन येतात, फडाजवळ कोप्या घालतात आणि ती उचल टनावर फेडतात. टन मोजायला ऊस काट्यावर जावा लागतो आणि काट्यावर जायला ट्रॉली लागते. ट्रॉली नसेल तर तोड थांबते, तोड थांबली की मजुरी थांबते आणि उचल पुढच्या साली कर्ज म्हणून त्यांच्या मानेवर राहते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वाळून वजनाला घटतो, साखरही उतरते, म्हणजे ज्याच्या शेतातला ऊस त्यालाही फटका. तू चोरी केलीस लिंबाखालच्या एका ट्रॉलीची, पण हात घातलास ताडपत्रीखाली निजणाऱ्या बाईच्या मजुरीत. भाडोत्री ट्रॉली मिळवून आम्ही टोळी उभी केली, तोवरचे खाडे कुणी भरून दिले नाहीत. तूही देणार नाहीस.

तू एकटा नाहीस, हेही मला पक्कं ठाऊक आहे. ट्रॉली खिशात घालून नेता येत नाही. ट्रॅक्टर कुणाचा तरी होता. साखळी तोडणारं अवजार कुणाचं तरी होतं. चेसीवरचा नंबर घासायला कुणीतरी ग्राइंडर फिरवला असेल, कुणीतरी फाळका काढून दुसरा बसवला असेल, हिरव्यावर लाल रंग मारला असेल. आणि शेवटी कुणीतरी अर्ध्या किमतीत ती दारात उभी करून घेतली असेल, बहुतेक माझ्यासारख्याच एखाद्या ऊसवाल्याने. त्याने कागद मागितला नाही आणि तू दिला नाहीस. तुमच्या दोघांच्या त्या गप्प बसण्यावर हा सगळा धंदा उभा आहे.

म्हणून कायदा तुम्हा दोघांनाही सांगतो. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ३०५ मात्र माल किंवा माणसं वाहून नेणाऱ्या साधनाच्या चोरीसाठी आहे आणि तिथली शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, वर दंड. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून जो तो घेतो, त्याच्यासाठी कलम ३१७ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद. चोरीच्या मालाचा जो नेहमीचाच व्यवहार करतो, त्याला त्याच कलमाखाली दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही होऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पोलीस पहिला प्रश्न विचारतील: एवढी स्वस्त का मिळाली, आणि कागद कुठे आहेत?

आता तुझ्या वाटा आम्ही कशा बंद करतोय तेही ऐक. लपवण्यासारखं त्यात काही नाही. गावोगाव हेच व्हावं म्हणून तर लिहितोय.

पहिली वाट दांडीची. तुझा सगळा खेळ रिंगमध्ये पिन जाण्यावर आहे. आता ट्रॉली सुटली की रिंगमध्ये आमचीच जाड पोलादी पिन बसते आणि तिला आडवं कुलूप लागतं. कुलूपही असं, की त्याची कडी पत्र्याच्या कवचात असते आणि कटरला तोंड घालायला जागा मिळत नाही. नुसती साखळी तुझ्यासमोर टिकत नाही हे तूच दाखवून दिलंस, म्हणून साखळी आता जाड आहे. ती डिस्कच्या भोकातून ॲक्सलला आवळलेली असते आणि तिचं कुलूप जमिनीपासून वर असतं. साखळी जमिनीवर लोळत असली की तिच्यावर दणके घालणं सोपं जातं.

दुसरी वाट चाकांची. हंगाम संपला की ट्रॉल्या महिनोन् महिने बांधावर उभ्या राहतात. तो तुझा सुगीचा काळ. आमच्या वस्तीवर आता पट्टा पडला की ट्रॉली जॅकवर चढते, ॲक्सलखाली दगडी ठोकळे जातात आणि चाकं निघून घरात येतात. टायरही त्यामुळे उन्हापावसात कुजत नाहीत. रिकाम्या ट्रॉलीचंच वजन टनाच्या वर जातं. बिनचाकाची ट्रॉली ओढून ने बघू.

तिसरी वाट जागेची. रस्त्याकडेची सावली आम्ही सोडली. ट्रॉलीची दांडी आता भिंतीकडे असते, आणि मागे नांगर किंवा रोटाव्हेटर आडवा. दोन ट्रॉल्या असतील तर तोंडाला तोंड लावून, दोन्ही दांड्या एका साखळीत. वर सौर दिवा आणि कॅमेरा. कॅमेऱ्याने चोरी थांबेलच असं नाही, पण तुझ्या ट्रॅक्टरचा नंबर आणि तुझं तोंड दोन्ही टिपलं जाईल.

चौथी वाट ओळखीची, आणि ती बंद झाली की तुझा धंदाच बसेल. चेसीवरचा एक नंबर तू घासशील. आता तोच नंबर आम्ही आणखी चार ठिकाणी पंच करतोय: पाट्यांच्या मागे, ॲक्सलच्या आतल्या बाजूला, आणि दोन अशा जागी ज्या फक्त मालकाला आणि बनवणाऱ्या कारागिराला माहीत. मालकाचं नाव रंगाने लिहायच्या ऐवजी लोखंडी अक्षरांत वेल्डिंग करून घेतोय. चारही बाजूंचे, जोडांचे, टायरवरच्या नंबरांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. ट्रॉल्या आमच्याकडे गावच्या वर्कशॉपमध्ये बनतात, आणि कारागीर आपल्या हाताचा जोड रंगाखालूनही ओळखतो.

पाचवी वाट रस्त्याची. जीपीएसचं यंत्र आता शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं आहे. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं यंत्र घ्यायचं, लोखंडात पूर्ण बंद होणार नाही अशा बेताने दडवायचं आणि सिमचा रिचार्ज संपू द्यायचा नाही. ट्रॉली जागची हलली की मालकाचा फोन वाजतो. मग ११२, पोलीस पाटील, ग्रामसुरक्षा दल आणि पंचक्रोशीतल्या ड्रायव्हरांचा व्हॉट्सॲप ग्रुप. चोरी दुसऱ्या हद्दीत झाली म्हणून परत पाठवायची सोयही उरलेली नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, ठाण्याला फिर्याद घ्यावी लागते.

आता तुझ्याशी बोलणं संपत आलं. पुढचं माझ्या ऊसवाल्या भावांना आणि वहिनींना सांगायचं आहे. तेही तू ऐक, कारण त्यातच तुझा शेवट आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी करावी लागते आणि तिला ट्रॅक्टरपेक्षा वेगळा नंबर मिळतो. तरीही आपल्या रस्त्यांवर बिननंबरच्या ट्रॉल्या किती दिसतात ते आपण रोज बघतो. आरटीओचा हेलपाटा टाळला, चार पैसे वाचले असं वाटतं. पण जी ट्रॉली कागदावर नाही, ती तुमचीच आहे हे ठाण्यात सिद्ध कशाने करणार? ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली वेगळी लिहून घेतली नसेल तर कंपनी ट्रॉलीची भरपाई कशाच्या आधारावर देणार? आणि सगळ्याच ट्रॉल्या बिननंबरच्या फिरत असतील, तर त्या गर्दीत चोरीची ट्रॉली पोलिसांच्या नजरेला पडणार कशी? नंबरप्लेट आणि मागचे रिफ्लेक्टर लावा. त्यानं चोरीला आळा बसतो आणि रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीवही वाचतो.

कारखान्यांनाही एक मागणं आहे. वाहतुकीचा करार करताना ट्रॅक्टरबरोबर प्रत्येक ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि गेटवर तो ताडून बघा. उसाची ट्रॉली शेवटी कुठल्या ना कुठल्या काट्यावर येतेच. तिथेच विचारणा झाली तर चोरीची ट्रॉली हंगामात कामाला लावणं अवघड होईल.

आणि शेवटचं, जे मी प्रत्येक गावच्या पारावर सांगत राहणार आहे. बाजारभावाच्या अर्ध्यात, ताज्या रंगाची, बिनकागदाची ट्रॉली कुणी दारात आणली तर ती घेऊ नका. नंबर विचारा, कागद मागा, चेसीवर हात फिरवा, आणि घासल्याची खूण लागली तर पोलीस पाटलांना फोन करा. ती ट्रॉली कुणाच्या तरी वस्तीवरून, कुणाच्या तरी टोळीच्या तोंडातला घास काढून आलेली आहे. चोर रात्री येतो, पण त्याला पैसे देणारा दिवसा आपल्यातच बसलेला असतो. त्याने हात आखडला की ट्रॉलीचोरी थांबेल.

कृष्णाकाठचा एक ऊसउत्पादक