वजनकाटा चांदीपचा

आमच्या चांदीपच्या टपरीवर सध्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचं वजन करायचं काम चालू आहे. द्रौपदी मुर्मू यांची मुदत 24 जुलै 2027 ला संपते आणि त्याआधी निवडणूक उरकलीच पाहिजे, असं घटनाच सांगते. ती उरकतेही. आमच्या वसई-विरार महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, तेव्हा घटना बहुधा रजेवर होती. पुढे किती पावसाळे आम्ही प्रशासकाच्या छत्रीखाली काढले, ते आमच्या रस्त्यांना विचारा.

उमेदवार अजून ठरलेला नाही, ही तर सोयच झाली. माणूस समोर नसला की त्याचे गुणदोष मोकळेपणानं काढता येतात.

आधी पात्रता. वय 35 पूर्ण हवं, अनामत 15 हजार, शिवाय 50 सूचक आणि 50 अनुमोदक, तेही मतदारांपैकीच, म्हणजे आमदार-खासदार. पंधरा हजारांची तयारी आमच्यातल्या एकानं लगेच दाखवली. “पण दादा, शंभर आमदार-खासदार सहीसाठी एका जागी आणायचे, तर रिसॉर्टचं बिल कोण भरणार?” या प्रश्नावर त्याची उमेदवारी तिथंच मागे घेतली गेली.

मग मताचा भाव निघाला. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत 175 चं, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं 208 चं आणि सिक्कीमच्या आमदाराचं 7 चं. हिशेब असा की राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं आणि येईल त्याला पुन्हा हजारानं. लोकसंख्या मात्र 1971 ची. म्हणजे त्यानंतर जन्मलेला किंवा परराज्यातून येऊन विरारला उतरलेला एकही माणूस या काट्यावर चढत नाही. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांवर माणसं भरली. त्यातल्या बहुतेकांचं दिल्लीतलं वजन शून्य. 1971 नंतर वारलेले मात्र अजून हिशेबात आहेत. हे ऐकल्यावर टपरीवरच्या आजोबांनी बंडीची बटणं नीट लावली. “म्हंजे दिल्लीला अजून आमचीच गणती हाय तर! हे टावरवाले नुसतेच पाणी पिऊन जातात.” त्या दिवसाचा चहा आजोबांनी पाजला.

आता गुण. गुणांनी राष्ट्रपती होता येतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी 1969 चा दाखला आहे. त्या साली आपल्याच कोकणपट्टीतला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला माणूस उभा होता: चिंतामणराव देशमुख. आयसीएस परीक्षेत पहिले आलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. देशाचे अर्थमंत्री. मधल्या वेळात त्यांनी कालिदासाचं मेघदूतही मराठीत आणलं. आणि सगळ्यांत जड गुण म्हणजे मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, हे दिसल्यावर 1956 मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. दोष? “खुर्ची सोडता येते हाच मोठा दोष,” आजोबा म्हणाले. “असला माणूस भवनात बसला, तर कुठल्या कागदावर सही नाय करणार, कोण सांगंल?”

स्वतंत्र पक्ष आणि जनसंघानं त्यांना उभं केलं होतं. समोर काँग्रेसचे अधिकृत संजीव रेड्डी आणि इंदिराबाईंच्या मनातले गिरी. बाईंनी खासदार-आमदारांना विवेकबुद्धीनं मत द्यायला सांगितल्यावर पहिल्या मोजणीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मतं पडली. कुणालाच बहुमत नाही, म्हणून मागच्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. त्यात रेड्डी जोरात वर आले, तरी गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे निसटले. एवढ्या वजनाचा माणूस शेवटी पासंगाला वापरला गेला. वाणी पारडं जुळवायला चिंचोका टाकतो, तसा.

2007 ला काटा वेगळा होता. प्रतिभाताई पाटील यांच्याकडे आमदारकी, खासदारकी आणि राजस्थानचं राज्यपालपद एवढा अनुभव होता; कॉलेजात असताना त्या टेबल टेनिस खेळायच्या, तेही जमेला धरलं गेलं. पण खरा भाव आला तो जळगाव जिल्ह्यातल्या जन्माला. शिवसेना रालोआत होती, रालोआ भैरोसिंह शेखावतांच्या मागे होती, तरी मराठी माणूस म्हणून सेनेनं ताईंना मत दिलं. ताई 6,38,116 विरुद्ध 3,31,306 अशा जिंकल्या. ताईंच्या यजमानांचं आडनावही शेखावतच. म्हणजे निकाल काहीही लागला असता, तरी राष्ट्रपती भवनात शेखावत जाणारच होते. निवडणुकीत एवढी हमी क्वचित मिळते.

सेनेचा काटा पुढेही असाच चालला. 2012 ला रालोआत राहून मत प्रणव मुखर्जींना, 2022 ला महाविकास आघाडीत राहून मत मुर्मूंना. फक्त 2017 ला घरचंच मत घरात पडलं. त्या वर्षी काय बिघडलं होतं, यावर टपरीवर दोन तट आहेत.

पाड्यावरून भाजी घेऊन येणारी मावशी हे सगळं टोपली उतरवून ऐकत होती. 2022 ला मुर्मूंच्या नावापुढे ‘आदिवासी महिला’ हा गुण सगळ्या पेपरांनी छापला होता. “मी पन तीच,” मावशी म्हणाली. “तेवढ्यावर भवन मिलतंय, तर माझ्या पाड्याला नल का नाय मिलत?” यावर कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्यानं तिच्याकडून दोन जुड्या माठ घेतला. तिनं तागडी धरली, आणि त्या सकाळचं बिनपासंगाचं वजन तेवढं एकच झालं.

तर 2027 साठी ज्यांना उभं राहायचंय त्यांनी चांदीपला येऊन वजन करून जावं. चिठ्ठी फुकट मिळेल. चहाचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे.